श्वासाच्या आधी बोट खाली

बाबा गेल्यानंतर पंधराव्या दिवशी मी त्यांचा हात पुसून टाकला. वाक्य नाटकी वाटेल, पण घडलं ते इतकंच, आणि तेही भर दुपारी, ऑफिसच्या कॉलवर बोलता बोलता.

आधी ते यंत्र सांगते. गुरुग्रामच्या माझ्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला एक मिडी कंट्रोलर असतो. त्यावर आठ फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायला वरखाली सरकवायची आठ बटणं. त्या यंत्रातून स्वतःचा असा आवाज येत नाही. वायरीने ते लॅपटॉपला जोडायचं, संगीताच्या सॉफ्टवेअरला सांगायचं की हा फेडर म्हणजे हा आवाज, आणि दोघांची एकदा ओळख झाली की बोट जे करेल ते पडद्यावर होतं. शिवाय सॉफ्टवेअर ते लक्षात ठेवतं. याला ऑटोमेशन म्हणतात. गाणं परत लावलं की मघाशी बोट हललं होतं तसेच फेडर आपापले हलतात, आत छोट्या मोटरी असतात. मी नोकरी आयटीत करते आणि हौस म्हणून ओळखीच्यांचे पॉडकास्ट नीट करून देते, त्यासाठी घेतलं होतं.

बाबांनी ते फेडर पहिल्यांदा हलताना पाहिले तेव्हा चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "भुताटकी आहे का गं?" मग थोड्या वेळाने, "चांगलं आहे. एकदा नोंद झाली की वरून आदेश आल्यासारखं आपलं चालू. अगदी सरकारी."

बाबा केंद्र सरकारात होते. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी आणि माझा भाऊ वाढलो. पण त्यांचा जीव होता मराठी मंडळाच्या मिक्सरमध्ये. गणपती असो, नाटक असो, आवाजाच्या टेबलापाशी बाबाच. आणि गाणारी बहुतेक वेळा आई. त्यांची एक पद्धत होती. गाणाऱ्याने श्वास घ्यायच्या जरासं आधी त्यांचं बोट फेडर खाली आणायचं आणि पुढचा शब्द यायच्या आत वर न्यायचं. म्हणायचे, गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला की ऐकणाऱ्याला धाप लागते. हे करताना ते मिक्सरकडे कधीच बघत नसत. मी लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाले, "त्याच्याकडे काय बघायचंय? तो कुठे गातोय?"

मागच्या हिवाळ्यात भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे मंगलाष्टकं घरच्याच बाईने रचायची आणि घरच्यांनीच म्हणायची. या वेळी आईने पाच कडवी केली, दोन्ही घरांची नावं गुंफून. पण लग्नात उभं राहून ती म्हणणं आता तिच्याच्याने होणार नव्हतं. मंगलाष्टकाची ओळ एकोणीस अक्षरांची, बाराव्या अक्षरावर थांबा. पूर्वी आई एका दमात संपवायची. दिल्लीच्या हवेने तिच्या छातीची जी वाट लावली त्यानंतर ती बारापर्यंतही पोचत नाही, मध्येच श्वास घेते, आणि तो ऐकू येतो. म्हणून माझ्या फ्लॅटवर रेकॉर्ड करायचं ठरलं. खिडक्या बंद, एअर प्युरिफायरचा आवाज नको म्हणून तोही बंद. आईने दोन कडव्यांमध्ये दम्याचा पंप ओढला.

मग बाबा फेडरपाशी बसले. आई समोरच्या खुर्चीत. रेकॉर्डिंग वाजत होतं आणि त्यांचं बोट एकेक श्वास झाकत गेलं. पडद्यावर रेघ उमटली, तीत बारीक बारीक खळगे, प्रत्येक खळग्यात आईचा एक श्वास. शेवटच्या कडव्यात एक जागा चुकली. बाबा म्हणाले, "हे उद्या परत करू."

दुसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता ते गेले.

मला काही झालं नाही. लोक म्हणत होते, रडून घे गं, मोकळी हो. मी पाहुण्यांच्या गाद्या मोजल्या, कॅब बुक केल्या, चौथ्या दिवशी मेलला उत्तरं दिली. काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचीही लाज वाटत नव्हती. लग्न पुढे ढकलायचं नाही हे आईने ठरवलं. हॉल बाबांनीच पसंत केला होता.

पंधराव्या दिवशी पाहुणे गेले आणि भाचीचा फोन आला. इथे असताना तिने लॅपटॉपवर मंगलाष्टकं ऐकली होती. "आत्या, वो पेटी थोडी लाऊड आहे ना, आजीचा आवाज दबतोय. कमी कर ना, प्लीज." साथीच्या पेटीचा ट्रॅक वेगळा होता. तो दुरुस्त करायला मी राइट मोड लावला. या मोडमध्ये गाणं वाजत असताना फेडर जिथे असेल ती जागा लिहिली जाते आणि जुनी पुसली जाते, हात लावा की न लावा. तो एकट्या पेटीला लावायचा होता. मी सगळ्यांना लावला. गाणं सुरू केलं, तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला. मी उठून बाल्कनीच्या दारात गेले आणि "हां हां, बिल्कुल, कल तक हो जाएगा" असं काहीबाही बोलत राहिले. मागे पाचही कडवी वाजून संपली. फेडर हलत नव्हते हे मी पाहिलंही होतं. पाहिलं आणि काही वाटलं नाही. कॉल संपल्यावर सवयीने सेव्ह केलं आणि लॅपटॉप बंद केला.

संध्याकाळी उघडला तर आईच्या आवाजावर सरळ रेघ. एक खळगा नाही. ऑफिसात सगळ्यांना बॅकअप घ्या म्हणून ओरडणारी मी, माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती. शेवटचं कडवं राहिलंय म्हणून बाबांनी तयार गाण्याची वेगळी फाइल काढू दिली नव्हती. आईचा आवाज जसाच्या तसा होता, सगळ्या धापांसकट. गेलं होतं ते फक्त बाबांचं बोट. मी एक तासभर बसून होते. मग भाजी निवडली.

आईला सांगायला मला दोन आठवडे लागले. लग्नाच्या आधीचा रविवार होता. मी घाबरले होते असं म्हणता येणार नाही, घाबरायलाही आत काहीतरी जागं असावं लागतं. मी सांगितलं. आईने पदर खोचला.

"मग परत कर," ती म्हणाली. "तुला येतं ना?"

दुपारी ती त्याच खुर्चीत बसली. मी पडद्यावर डोळे लावून फेडर हलवू लागले. पहिलं कडवं संपायच्या आत तिने हात वर केला.

"उशीर होतोय तुला. श्वास ऐकून मग बोट खाली आणतेस. पाहुणे आल्यावर घर झाडतात का?"

"मग कसं कळणार कधी येणार ते?"

"ते माझ्याकडे बघायचे."

मी खुर्ची वळवली. आई स्वतःचाच आवाज ऐकत होती, ओठ पुटपुटत होते, आणि प्रत्येक श्वासाच्या जरा आधी तिचे खांदे किंचित वर येत होते. रेकॉर्डिंगमधल्या बाईबरोबर समोरची बाईही श्वास घेत होती. मला आयुष्यात कधी ते दिसलं नव्हतं. खांदे वर, बोट खाली. चार कडवी मी पडद्याकडे न बघता केली.

शेवटच्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला तिचे खांदे वर आले आणि मी बोट खाली आणलं. पण तिथे श्वास नव्हता. रेकॉर्डिंगमधला आवाज स्वच्छ पुढे जात होता आणि मी तो दाबून टाकला होता. आई रडत होती, एवढंच. मी बोट वर न्यायला विसरले, मग नेलं.

"परत करूया?" मी विचारलं.

तिने डोळे पुसले. "नको. शेवटचं कडवं परत करू म्हटलं की काय होतं ते बघितलं ना."

तो खळगा एका क्लिकमध्ये काढता आला असता. मी तशीच फाइल काढली आणि पेन ड्राइव्हवर घातली.

लग्न मानेसरच्या बाजूला एका रिसॉर्टवर होतं. अंतरपाट धरला गेला, आवाज सुरू झाला, प्रत्येक "सावधान"ला अक्षता पडत होत्या. एकही श्वास ऐकू येत नव्हता. शेवटच्या कडव्यात तिसरी ओळ आली आणि आवाज बुडाला. लोकांना वाटलं झालं. दोनशे हातांनी अक्षता उडवल्या, ढोलवाल्याने दोन थापाही मारल्या. गुरुजी "रुको भैया, रुको" म्हणत त्याच्याकडे हात हलवू लागले आणि मंडप हसला.

आईने मूठ उघडली नव्हती. मी तिच्याकडेच बघत होते म्हणून मला दिसलं. आवाज परत वर येऊन तिसरी ओळ उरकली, तिचे खांदे वर आले, आणि साडीवर ठेवलेलं माझं बोट आपसूक खाली सरकलं. मग स्पीकरमधून शेवटची ओळ आली.

तिचा श्वास कोणालाच ऐकू आला नाही. माझा आला. पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या, इतक्या मोठ्याने आला.