बारशाचे वकील

बारशाच्या घरी मरणाची गोष्ट काढणारा माणूस मी एकच पाहिला, अमरावतीचे आमचे वकीलसाहेब. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत बुक्क्या बसल्या, की हे घुगऱ्यांची वाटी घेऊन बाळाच्या बापाजवळ सरकत आणि विचारत, "मृत्युपत्र कधीचं हाय?" बायका कानांवर हात ठेवत. माघारी त्यांना सगळे 'बारशाचे वकील'च म्हणत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. मृत्युपत्रात लेकराचं नाव घालायचं, तर आधी ते ठेवलेलं हवं. म्हणून बारशाचा दिवस. "नाव पडलं ना पोरीचं? मंग कागदातबी पडू द्या," असं म्हणत. कोणी अभद्र बोलू नका म्हणून सुनावलं, तरी चिडत नसत. "मेलेला मानूस सही करत नाई, बापू. जित्यालेच इचारा लागते," एवढं सांगून आणखी घुगऱ्या मागत. खाण्यात त्यांनी कधी संकोच केला नाही.

माझ्या बारशाला ते शेंदूरजनाघाटला एसटीने आले होते. तिथे बाबांची स्वकमाईची संत्र्याची बाग होती. ताई झाली तेव्हा त्यांनी मृत्युपत्र केलं होतं. बाग ताईची, आणि ती सज्ञान होईपर्यंत सांभाळायची आजोबांनी. पुढे आजोबा वारले, मी जन्मले, कागद मात्र तसाच राहिला. एकदा केलं म्हणजे झालं, असं बाबांना वाटे. वकीलसाहेब हटून बसले. परतीची एसटी निघून गेली तरी उठेनात. आई म्हणे, मी तर वैतागलेच होते. पण दुसऱ्या दिवशी नवा कागद झाला. बाग दोघी बहिणींची, सांभाळणारी आई.

मी सहा वर्षांची असताना बाबा गेले. तेरावं झाल्यावर धाकटे काका जुना कागद घेऊन आले. आजोबांच्या जागी आता आपणच, तेव्हा बाग आपण पाहू, असं त्यांचं म्हणणं. "वहिनी, तुमाले बागेतलं काय समजते?" काका वाईट नव्हते, पण त्यांना तीन मुलगे होते आणि त्यांच्या शेताचा आणि आमच्या बागेचा बांध एकच होता. आईने नवा कागद पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि चहा न घेताच गेले. पुष्कळ दिवस येणंजाणं बंद होतं. आईने बाग हिमतीने राखली, आणि त्या संत्र्यांवरच आम्ही दोघी शिकलो.

वकीलसाहेब गेल्या चैत्रात गेले. मला बाबा फारसे आठवत नाहीत, वकीलसाहेब मात्र पुरते आठवतात. ते गेल्याचं कळलं तेव्हा मला दुसऱ्यांदा पोरकं झाल्यासारखं वाटलं.

परवा काकांच्या नातीचं बारसं झालं. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. काका आता थकलेत. माझ्याशेजारी येऊन बसले आणि बराच वेळ दाराकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "आज कोनी इचारलंच नाई."

वाटी खाली ठेवून मी विचारलं, "काका, मृत्युपत्र कधीचं आहे?"

"लय जुनं हाय," काका म्हणाले. "उद्या येतं का माह्यासंगं अमरावतीले?"