बोर्डवाल्या आप्पांचा हात

वीज बोर्डात नोकरीला म्हणून बोर्डवाले म्हणवणारे आप्पा कुणाचीही खुशाली तोंडाने विचारत नसत. पालथा हात अंगाला लावत. माणूस असो, घाट चढून आलेली एसटी असो, की वीजघराच्या आवारातला मोठा ट्रान्सफॉर्मर. हात लावायचा, क्षणभर थांबायचं आणि मान हलवायची. उचगावात त्यांच्या घरी म्हशी होत्या. "म्हस काय ताप आलाय म्हणून सांगत येती व्हय?" एवढंच त्यांचं विद्युतशास्त्र.

मी पुण्याहून डिप्लोमा घेऊन आलेलो, त्यामुळे शास्त्र अर्थातच मला जास्त कळत होतं. कोल्हापूरच्या विजेची तब्येत दर अर्ध्या तासाला काटे वाचून लॉगशीटवर लिहायची, हे आमचं काम. दाब, भार, आणि उन्हातून आवारात चालत जाऊन ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान. आठवडाभरात मी शोध लावला की आकडे रोज तेच असतात. मग दुपारी दोनलाच साडेपाचपर्यंतचे आकडे सुवाच्य अक्षरात लिहून मोकळा होऊ लागलो. वीज फार वेगवान म्हणतात; माझी नोंद तिच्याही साडेतीन तास पुढे असे. आप्पा कागद बघत. "पावणं, उद्याचंबी लिवून टाका की," म्हणत आणि स्वतः उन्हात जाऊन हात लावून येत.

एका उन्हाळ्यात अशीच शीट भरून मी तीनच्या खेळाला गेलो. नायिका रडायला लागली आणि पडदा काळा झाला. सगळं थिएटर शिट्ट्या मारू लागलं. मीही मारल्या. वीजघरात कोण गाढव बसलंय, असंही ओरडलो. शेजारच्याने मनापासून दुजोरा दिला, तेव्हा कुठे आठवलं की आज ते गाढव मीच.

धापा टाकत पोचलो, तर साहेब हजर. ते अजून आवारात गेले नव्हते. उन्हापेक्षा कागद बरा वाटणारे गृहस्थ, माझ्यासारखेच.

"साडेतीनला तेल पंचेचाळीस अंश," साहेब आप्पांना वाचून दाखवत होते. "आणि पावणेचारला तुम्ही अख्खं शहर बंद केलंत?"

"हात लावला, साहेब. भाजला."

"म्हणजे कागद खोटा आणि तुमचा हात खरा?"

आप्पांच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेले, आणि साहेब चौकशीची भाषा बोलत होते. खरं तर साडेतीनच्या खालच्या ओळींत माझं शहर साडेपाचपर्यंत झकास उजळलेलं होतं. त्या दिसल्या की आप्पा सुटले, माझी नोकरी गेली. पण त्या ओळींवर आप्पांचा तळहात होता, सहज टेकल्यासारखा. साहेबांनी कागद ओढला तरी तो हलेना.

"आप्पा, हात काढा," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या की."

शेवटी मीच तो उचलला. साहेबांनी खालच्या ओळी वाचल्या, मग घड्याळ पाहिलं.

"साडेतीनला तुम्ही नक्की काय पाहिलंत?"

"सिनेमा, साहेब."

मग सगळेच उन्हात गेलो. टाकीखाली तेल गळताना सापडलं. आणखी अर्ध्या तासात ट्रान्सफॉर्मर जळाला असता. आप्पा हारतुऱ्यांसकट निवृत्त झाले. मला काढलं नाही, चंदगडला पाठवलं. तिथं वीज अजून पोचायची होती. तेवढीच ती माझ्यापासून सुरक्षित.

निघालो त्या दिवशी आप्पा सायकल मारत स्टँडवर आले. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून पालथा हात माझ्या गालाला लावला, क्षणभर थांबले, मान हलवली.

"अजून गरम हाय," म्हणाले. "असू द्या तेवढं."