विजेची वाट पाहणारे शेजारी

सिंगापूरमध्ये यिशुनला आमच्या ब्लॉकमध्ये एक पुण्याचे गृहस्थ राहायचे. बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये काढून आलेले. भेटले की हवामानाखेरीज दुसरं काही बोलत नसत. बर्फ पडण्याआधी तिथे सगळे आवाज कसे नाहीसे होतात, हे सांगताना त्यांचा स्वतःचा आवाजही खाली जायचा. दुपारी आभाळ भरून आलं की ते व्हॉइड डेकमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, खांबाशी येऊन उभे राहत आणि वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंत पुटपुटत आकडे मोजत.

एका शनिवारी मुलीला घेऊन मी समोरचं मैदान ओलांडायला निघाले. पाऊस नव्हता, ऊनही होतं. तरी ते खांबाशी उभे होते; त्यांनी एकदम माझं मनगट धरलं.

"जाऊ नका."

"अहो, तिच्या क्लासला उशीर होतोय."

"दोन मिनिटं थांबा." त्यांच्या हातावरचे केस ताठ उभे होते.

"अंकल सो स्ट्रेंज, लाह," मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली.

तेवढ्यात सगळं पांढरं झालं. आमच्या वाटेवरचं मोठं झाड उभं चिरलं गेलं. जळक्या लाकडाचा वास आला. मुलगी मला घट्ट बिलगली.

आभार मानायला मी वळले. मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं, पण आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते झाडाकडे बघून हसत होते.

"आली," ते म्हणाले, घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं.

मुलीचा जीव त्यांनी वाचवला, हे मी सगळ्यांना सांगते. ते हसू मात्र मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.