सागाचं तोंड रस्त्याकडे

विचुंब्यातल्या आमच्या समाजमंदिराच्या पहिल्या मजल्यावर बालवाडी भरते. ती चालवते माझी आई. जेवणं झाली की पोरं तिथेच झोपतात, निदान झोपावीत. पण खोली पश्चिमेची आणि भिंतभर काच. उन्हाळ्यात पोरं घामाने भिजून किरकिरायची. शेवटी त्यांच्या आया काम सोडून दुपारीच न्यायला यायला लागल्या. असं किती दिवस चालणार? त्यांचं काम जाणार आणि आईची बालवाडी बंद पडणार.

मी पत्रकं काढली. मला तेवढंच येतं. ‘ही काच पोरांसाठी की फोटोसाठी?’ असा मथळा टाकून सुकापूरपर्यंत वाटली. एसी नको, त्याचं बिल कोण भरणार? पडदे नकोत, पोरं लोंबकळतात. मागणी एकच: दुहेरी काच आणि दोन काचांच्या मध्ये सागाच्या तिरक्या पट्ट्या. कडा बंद, त्यामुळे धूळ नाही, पोरांचे हात नाहीत. ऊन अडतं आणि पट्ट्यांमधून खालचा रस्ताही दिसतो. समाजमंदिराच्या समितीने चक्क मान्य केलं. मला वाटलं, जिंकलो!

काचा बसल्यावर दुपारी बघायला गेले, तर लादीवर उन्हाची शिडी पडलेली. थेट पोरांच्या तोंडावर. पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूला हवा होता, तो आत आला होता. काचा चक्क उलट्या बसवल्या होत्या! लाकूड उन्हाला अडवत नव्हतं, आत यायला वाट करून देत होतं.

समितीचे अध्यक्ष नात्याने माझे काका. त्यांच्याकडे गेले.

“उलट्या कशा? मीच सांगितला फिरवायला,” काका म्हणाले. “पालिशची बाजू आत होती. एवढा साग काय पोरांनी झोपेत बघायचा? रस्त्यावरना दिसाया नको?”

“काका, पोरं भाजतायत!”

“तू पत्रक काढ गो बाय. तुला तेच जमतं.”

समितीतले बाकीचे हसले. आमच्याकडे घराची पुढची बाजू थाटाची आणि मागे पाण्याची पिंपं. तीच अक्कल इथे! काच सीलबंद, पट्ट्या आतून हलत नाहीत. अख्खी चौकटच काढून फिरवावी लागणार. काका “बघू” म्हणाले. मी पुन्हा पत्रक काढलं. त्याच्यावर लोकांनी भजी खाल्ली.

आईने पत्रक वाचलंही नाही. बाहेरच्या सज्ज्यात गेली आणि आपलं जुनं, जाड, हिरवं लुगडं काचेवरून सोडलं. ऊन काचेपर्यंत पोचेना. त्या दुपारी पोरं झोपली. पण खोलीत अंधार, आणि रस्ता दिसेना.

संध्याकाळी काका खालून ओरडले, “वैनी, लुगडा काढा! पाहुणे येणार हायत, साग दिसत नाय!”

आई वरून म्हणाली, “काच फिरवा, भावजी. लगेच काढते.”

“आता फिरवायची म्हणजे...”

“मग राहू द्या. पोरांना झोप लागते.”

पाहुणे आले, हिरव्या लुगड्याखाली उभे राहून फोटो काढून गेले. काच अजून उलटीच आहे. लुगडं फाटायला लागलंय. आई दुसरं शोधतेय.