निजामपुऱ्याचा मधला गडी

बडोद्यातल्या निजामपुऱ्याच्या विहंग साळवीने आजवर अकरा हंगाम व्यावसायिक फुटबॉल खेळून एकूण चार गोल मारले. त्यातला एक त्याच्या पाठीला लागून आत गेला, पण हे त्याच्या आईसमोर, सुनंदाबाईंसमोर, बोलायचं नाही. त्यांच्या मते चारही पायानेच मारलेत. विहंग मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला गडी. समोरच्याचा चेंडू काढून घ्यायचा, मान वर करून आपला कोण मोकळा आहे ते बघायचं आणि चेंडू त्याच्या पायाशी पोचवायचा. गोल झाला की फोटो दुसऱ्याचा. अशा गड्याला तीन क्लबांनी मानाने ठेवलं, एकाने तर कप्तान केलं. आणि हे सगळं त्याच्या बाबांच्या एका शब्दापायी होता होता राहिलं असतं.

बाबा म्हणजे सदानंदराव. बडोद्याजवळच्या एका लहान स्टेशनात रेल्वेचे केबिनमन. लोखंडी खटके ओढून गाडीला रूळ लावून द्यायचे, हे काम. सव्वीस वर्षांत त्यांचा एक खटका चुकला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत. दुसरा कोणी सांगू लागला तर थांबवतही नसत.

विहंग एकोणीस वर्षांचा असताना गोव्याच्या एका क्लबाने निवड चाचणीला बोलावलं. निवड झाली तर तीन वर्षांचा करार. नाही तर बूट माळ्यावर टाकून कारखान्यात चिकटायचं, असं घरात ठरलेलं. फॉर्म भरायला अर्थातच बाबा बसले, कारण अक्षर देखणं. ‘कोणत्या जागी खेळतो?’ या रकान्यापाशी पेन आलं आणि नेमके मल्हारराव टपकले. सुनंदाबाईंचे थोरले भाऊ. फुटबॉलची एक मॅच त्यांनी पुरती पाहिलेली नव्हती, पण सल्ला द्यायला ती अडचण त्यांना कधी वाटली नाही.

“मधला?” कोपऱ्यावरच्या लारीवरची, म्हणजे हातगाडीवरची, सेव उसळ पुढ्यात ओढत ते म्हणाले. “सदानंदराव, मधला म्हणजे लग्नातला वाढपी. नवरदेवाचे फोटो निघतात. वाढप्याचा एक तरी पाहिलात?”

“पण तो खेळतो मधेच.”

“खेळू दे की कुठेही! कागदावर पुढचा लिहा. पोरगं उठून दिसेल.”

“दादा, उसळ गार होतेय,” सुनंदाबाई म्हणाल्या.

दादांनी उसळ संपवली, पण तोवर रकान्यात सुरेख अक्षरात ‘फॉरवर्ड’ उमटलं होतं. विहंगने न वाचताच सही ठोकली. बाबांनी लिहिलेलं तपासून बघायची त्या घरात रीतच नव्हती.

गोव्यात मैदानावर यादी वाचली गेली तेव्हा पोराला कळलं. त्याने एकदा कठड्याकडे, सोबत आलेल्या बाबांकडे पाहिलं आणि मुकाट पुढे जाऊन उभा राहिला. अर्ध्या तासात चेंडू त्याच्या पायाला चारदा लागला, त्यात दोनदा चुकून. कोचने वहीत त्याच्या नावापुढे फुली मारली. सदानंदरावांना ती कठड्यावरूनही दिसली.

केबिनमध्ये एक शिस्त असते. खटका चुकला, तर वरून विचारणा व्हायच्या आत आपण होऊन सांगायचं. सदानंदरावांवर ती वेळ सव्वीस वर्षांत आली नव्हती. ते कठड्याखालून वाकून आत शिरले, इस्त्रीच्या पँटला चुना लागला तरी थांबले नाहीत, आणि कोचपुढे ताठ उभे राहिले.

“साहेब, मुलगा मधला आहे. फॉर्म मी भरला. चूक माझी.”

कोच गोव्याचा, मराठी त्याला कळत होती. त्याने चष्मा खाली ओढून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “इथे रोज दहा बाप येतात. कोणी म्हणतो बूट चावतात, कोणी म्हणतो रेफरी आंधळा. चूक माझी म्हणणारे तुम्ही पहिलेच.”

“मग?”

“मग काय? पंधरा मिनिटं. त्याला मधे जायला सांगा.”

“तुम्हीच सांगा,” सदानंदराव म्हणाले. “मी आज पुष्कळ सांगून बसलोय.”

त्या पंधरा मिनिटांत विहंगने पहिला चेंडू हिसकावला आणि डावीकडच्या मोकळ्या पोराला दिला. दुसरा उजवीकडे. तिसरा दोघांच्या मधून थेट पुढे, आणि तिथे गोल झाला. बाकीचे टाळ्या पिटत गोल मारणाऱ्याकडे पाहत होते. सदानंदराव आपल्या मुलाकडे पाहत होते. हा तर आपलंच काम करतो की! गाडी दुसऱ्याची, वाट याची. इतकी वर्षं दोघं ताटाला ताट लावून जेवले आणि हे त्यांना गोव्यात कळलं.

संध्याकाळी करारावर सही करण्याआधी विहंगने सगळा कागद बाबांसमोर मुद्दाम मोठ्याने वाचून काढला. “जागा, मिडफिल्डर. बरोबर ना, बाबा?”

“बरोबर आहे. सही कर आणि जास्त बोलू नकोस.”

मल्हारराव हल्ली लारीवर सांगतात की पोराला मधे खेळवायची कल्पना मूळ त्यांचीच. सदानंदराव खोडून काढत नाहीत. टीव्हीवर विहंगची मॅच चालू असताना त्यांना बोलायला वेळच नसतो. “डावीकडे देईल बघ,” ते सुनंदाबाईंना आधीच सांगतात, आणि चेंडू डावीकडे जातो. गोल झाला की सगळी सोसायटी ओरडते. “कोणी मारला हो, सदानंदकाका?” खालून कोणी तरी विचारतं.

“ते टीव्हीवाले सांगतील,” काका गॅलरीतून उत्तर देतात. “दिला विहंगने!”