ओगले जेवले नाहीत

ओगले गेल्याची बातमी मला टॉवर चौकातल्या पोह्यांच्या दुकानात कळली, आणि तीही हिंदीत. दुकानदाराने जिलबीचा घाणा उलटवत, माझ्याकडे न बघताच सांगितलं, "सरजी, आपके वो बिजली वाले दोस्त शांत हो गए. परसों." मी उगाचच विचारलं, कौन से? उज्जैनमध्ये माझे बिजलीवाले दोस्त एकच होते, आणि तेही गेली चार वर्षं दोस्त म्हणावेत असे राहिले नव्हते. हातातली प्लेट मी संपवली. ओगल्यांना देखावा आवडत नसे, अशी स्वतःची समजूत घालून शेवेचा चुरासुद्धा वेचून खाल्ला. आज दीड महिन्यानंतर कबूल करायला हरकत नाही की देखाव्याचा काही संबंध नव्हता. उठलो असतो तर त्यांच्या घरी जावं लागलं असतं, आणि ते धैर्य माझ्याजवळ नव्हतं.

ओगले मूळचे वऱ्हाडातले. विद्युत निरीक्षकाच्या सरकारी कचेरीत नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. आमचं घराणं उज्जैनमधलं जुनं. पूर्वज दरबारात कारकून होते, त्यामुळे घरात तलवार वगैरे नाही, एक दौत आहे, आणि तिचाही अभिमान बाळगणारे चुलते आहेत. पहिल्यांदा घरी आले तेव्हा ओगल्यांनी ती दौत हातात घेऊन, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "चांगली आहे. गळत नाही." आमची मैत्री जमली ती तिथे. मी कॉलेजात इतिहास शिकवत असे, म्हणून ते मला 'प्राध्यापक' म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत उकललं नाही. सिंहस्थात तंबूंची वायरिंग तपासायचं काम त्यांच्याकडे असे. एका महाराजांच्या मंडपात उघड्या जोडावर झुंबर टांगलेलं पाहून त्यांनी लाईन बंद करायला लावली. महाराज म्हणाले, "हमें मृत्यु का भय नहीं." ओगले हात जोडून म्हणाले, "आपको नहीं होगा महाराज, भक्तों को है." झुंबर उतरलं. ही हकिगत ते स्वतः कधी सांगत नसत, मीच चारचौघांत सांगत असे, आणि दर वेळी महाराजांचा मठ थोडा मोठा करत असे.

ते रिटायर झाले तेव्हा देशाचे दरवाजे उघडल्याचं रोज पेपरात येत होतं. आमच्या गल्लीत त्या दरवाजांतून फ्रिज आले, गीझर आले, वॉशिंग मशीन आलं, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या. भिंतीतल्या तारा मात्र त्याच राहिल्या, लाकडी पट्टीतून गेलेल्या, ज्यांच्यावर आमच्या वडिलांच्या वेळी चार बल्ब आणि एक पंखा चालत असे. लोक ओगल्यांना म्हणायचे, साहेब, जरा घर बघून जा. ते जायचे. त्यांची बघण्याची रीत वेगळी होती. घरातला पुरुष "सब बढ़िया है" म्हणत पुढे यायचा, त्याला ते खुर्चीवर बसवायचे आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारायचे, "वहिनी, झिणझिण्या कुठे येतात?" उत्तर हमखास मिळायचं. बाईला ठाऊक असतं. अमुक बटण ओल्या हाताने लावायचं नाही, फ्रिजचं दार पदराने उघडायचं, हे तिने वर्षानुवर्षं कुणाला न सांगता पाळलेलं असतं. त्यानंतर ते पिशवीतून टेस्टलॅम्प काढायचे, म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि त्याला दोन लांब तारा, आणि बोर्डामागून बोर्ड उघडत जायचे. तारेची पट्टी तापली आहे का, हे हाताच्या मागच्या बाजूने बघायचे. एका घराला अर्धा दिवस लागे.

आमच्या मुलीचं, मेधाचं, लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना बोलावलं. खरं सांगायचं तर तपासणीसाठी नाही, कागदासाठी. लग्न घरीच करायचं होतं, वरपक्षाच्या खोलीत भाड्याचा एसी लावायचा होता, आणि मीटरचा लोड वाढवायचा तर लायसनवाल्या ठेकेदाराने घर तपासल्याचा कागद लागे. ओगले ठीक आहे म्हणाले की कुठलाही ठेकेदार डोळे मिटून सही करणार, हा माझा हिशेब. ओगले आले, आणि माझ्या दुर्दैवाने त्याच सकाळी इंदूरहून आमचे व्याहीही येऊन बसले. व्याही बोलण्यात गोड आणि नजरेने बारीक. ओगल्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, तो प्रश्न विचारला. सुधा पटकन म्हणाली, "मोरीतल्या नळाला. पावसाळ्यात मी चप्पल घालूनच जाते." बावीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. व्याही माझ्याकडे पाहून हसले.

दुपारपर्यंत ओगले जिन्यावर, माळ्यावर, मोरीत फिरत होते. मग बैठकीत येऊन, व्याह्यांसमोर, त्यांनी निकाल दिला. तारांवरचं रबर बोट लावलं की गळून पडतं. तीन पिनांच्या सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं, त्याच्या मागे अर्थिंगच नाही. आणि फ्यूज बसवलाय चुकीच्या तारेवर. "म्हणजे काय, प्राध्यापक... फ्यूज उडाला की दिवा विझेल, पण तारेत वीज राहील. तुम्ही निर्धास्त हात लावाल." नवी वायरिंग झाल्याशिवाय एसी लावू नका, असं म्हणून त्यांनी दोन पानं लिहून माझ्या हातात दिली. लग्नाला बारा दिवस होते. व्याही म्हणाले, "अरे बाप रे, आमची माणसं इथेच उतरायची ना?"

मी जे बोललो ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, "ओगलेसाहेब, तुम्ही रिटायर झालात. आम्हाला इन्स्पेक्टर नको आहे. लग्नाला पाहुणे म्हणून या." त्यांनी टेस्टलॅम्पच्या तारा नीट गुंडाळल्या, सुधाने केलेला चहा उभ्यानेच प्यायले आणि गेले. संध्याकाळी मी विजेच्या सामानाच्या एका दुकानातून तपासणीचा कागद आणला. घर न बघता सही झाली. घराचा पत्ता तर मीच लिहिला.

ओगले लग्नाला आले. ओगलेवहिनींनी मेधाच्या हातात चांदीचा करंडा ठेवला, आणि ओगले जे जिन्याखाली जाऊन उभे राहिले ते तिथेच. आमचा लोखंडी मेनस्विच तिथे होता. येणारा-जाणारा त्यांना टाळून जिना चढत होता. दोनदा मी बोलवायला गेलो. "ओगले, पंगत बसतेय, चला." "तुम्ही व्हा पुढे." तिसऱ्यांदा गेलो नाही. मला वाटलं, माणूस मुद्दाम जागा निवडून रुसला आहे, सगळ्यांना दिसेल अशी. त्यात दोनदा वीज गेली. एसी बंद, कूलर बंद, शेला सावरत व्याही म्हणाले, "वा, उज्जैनची लाईट!" आणि मी वीजबोर्डाच्या कारभारावर एक विनोद केला, तो चांगला पिकला. पाच-दहा मिनिटांत वीज परत आली. लग्न पार पडलं. सगळ्या पंगती उठल्यावर सुधाने यादी बघून सांगितलं, "ओगले जेवले नाहीत."

आमच्याकडे माणूस लग्नात भांडला तर चालतं, व्याह्यांना टोमणे मारले तर चालतं, अगदी अक्षता न टाकता झोपला तरी निभावतं. न जेवता गेला तर मात्र विषय संपला. मी तो संपवला. पुढे रस्त्यात भेटले की नमस्कार होई. एकदा मी खवचटपणे म्हटलंसुद्धा, "बघा, काही झालं नाही. घर जागेवर आहे." ते म्हणाले, "आहे खरं..." आणि थोडं थांबून, "मोरीतलं तेवढं करून घ्या." केलं नाही. करणं म्हणजे हरणं, असं मला वाटत होतं. इतिहासाच्या प्राध्यापकाला खरं तर ठाऊक असायला हवं होतं की अशा लढाईत समोर बहुतेक वेळा कुणीच उभं नसतं.

तेराव्याला मी गेलो. पानं वाढली होती. वहिनी समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आज तुम्ही जेवून जाल ना?" त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी ते..." त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही.

"त्या दिवशी चार वाजता घरी येऊन त्यांनी दूध-पोहे खाल्ले. मी किती बोलले! म्हटलं, लोकांच्या लग्नात उपाशी राहून काय मिळवलंत? तर म्हणाले, मंडपवाल्याने फ्यूजमध्ये तीन तारा पिळून घातल्या होत्या, उडूच नये म्हणून. त्या काढल्या. पण पट्टी तापतच होती. हात लावून बघायचो, फार तापली की मेन पाडायचो, मंडपवाल्याला दोन-दोन कूलर जनरेटरवर घ्यायला लावायचो, आणि पुन्हा चालू. मेन सोडून पंगतीत कसा बसू?"

"म्हणजे वीज..."

"तेच घालवत होते."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "विचारलं होतं मी. म्हणाले, पाहुणा म्हणून बोलावलंय. पाहुण्याने यजमानाच्या घरातली खोट काढू नये."

त्यांच्या पानावर मी काय खाल्लं ते आठवत नाही, पण सगळं खाल्लं. चार वर्षं मी एका माणसाच्या उपाशीपणाचा राग धरून होतो, आणि तो उपाशी राहिला होता वर बसलेल्या माझ्याच दीडशे माणसांपायी. काही झालं नाही हे मी त्यांच्याच तोंडावर, त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून, फेकलं होतं. त्यांच्या धंद्यात एवढीच कमाई असते, आणि ती कुणाला दाखवता येत नाही. माफी मागायला आता उशीर झाला. ते असते तरी "आहे खरं" म्हणून त्यांनी विषय बदलला असता... पण निदान मी बोललो असतो.

घराची वायरिंग मागच्या आठवड्यात पुरी झाली. मोरीपासून सुरुवात केली. शेवटच्या दिवशी ठेकेदार खिशातून पेन काढत म्हणाला, "अंकल, सब ओके है, साइन कर दूँ?" मी म्हटलं, "पहले सब बोर्ड खोलो. एक-एक." तो वैतागला. एक का दो बज जाएगा, म्हणाला. म्हटलं, बजने दो. तो वरच्या खोलीत बोर्ड उघडायला गेला, आणि मी खाली मेन पाडून, कुणी चुकून चालू करू नये म्हणून, जिन्याखाली उभा राहिलो. ती जागा अरुंद आहे. मान थोडी वाकवावी लागते, आणि बैठकीतलं सगळं बोलणं ऐकू येतं, पंगतीतलंही ऐकू आलं असणार. दीड वाजता सुधाने आतून हाक मारली, पान वाढलंय, वरण गार होतंय.

मी म्हटलं, "झाकून ठेव. वर माणूस काम करतोय."