समितीच्या पानात पेज

भिकाजी खानसाम्याच्या हातचं जेवलेला माणूस डाक बंगल्यातून झोप काढल्याशिवाय उठत नसे. बासष्ट सालच्या त्या सकाळी नेमकी हीच ख्याती त्याच्या मुळावर आली.

मुंबईहून आमदारांची समिती आली होती. विधानसभेने पैसा ज्या कामाला मंजूर केला त्याच कामाला लागला की नाही, हे तपासणारी. मंजूर झाला होता होड्या लागायला खाडीवरचा धक्का. आणि धक्का खंय? तो या बंगल्यातच मुरला होता! चकचकीत फरशी, नवं न्हाणीघर, साहेबाच्या पाहुण्यांना पलंग. खाडीच्या काठाला मेल्यांनी एक चिरा लावला नव्हता.

बांधकाम खात्याच्या साहेबाने सकाळीच भिकाजीला मागच्या पडवीत गाठलं. कोंबडी-वडे कर, वर खीर कर, मंडळी जेवून आडवी झाली पाहिजेत. उठली की गाडी थेट सावंतवाडीला, धक्का बघायला वेळच उरता कामा नये. "तुझा कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे," जाताजाता तो म्हणाला. वर्षानुवर्षं हंगामी राबलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं?

भिकाजी कोंबडीसाठी खोबऱ्याचं वाटप वाटायला बसला, पण हात चालेना. त्याचं घर खाडीपलीकडे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सावित्रीला कळा सुरू झाल्या तेव्हा ओहोटी होती. होडी काठाला लागेना, म्हणून माणसांनी तिला मांडीभर चिखलातून अलीकडे दवाखान्यात उचलून आणली. ती वाचली, पोर गेलं. आता त्याच्या बायकोचे, लीलाचे, दिवस भरत आले होते. नोकरी गेली तर चूल कशी पेटायची? आणि गप्प राहिलं तर? गावदेव रवळनाथाला कौल लावायला जावं, तर तेवढीही सवड नव्हती. "देवा म्हाराजा, माका सांभाळ," तो पुटपुटला. टोपलीखाली झाकलेली कोंबडी त्याने बाहेर काढलीच नाही.

पानात आली उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा आणि लोणचं. साहेब पांढराफटक पडला. समितीचे अध्यक्ष, एक काटक म्हातारे, मिटक्या मारत पेज प्यायले आणि म्हणाले, पोट हलकं आहे, चला, धक्का बघून येऊ.

पाण्याचा तांब्या घेऊन भिकाजीही मागोमाग गेला. ओहोटी लागली होती. अध्यक्षांनी वहाणा काढल्या, धोतर वर खोचलं, पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत रुतले.

"सभागृहाने दिलेला धक्का कुठे आहे, साहेब?"

अध्यक्ष वर आल्यावर भिकाजीने त्यांच्या पायांवर तांब्या ओतला.

गाड्या गेल्यावर साहेबाने निरोप धाडला, उद्यापासून येऊ नकोस. भिकाजी चिखल तुडवत घरी पोचला. लीला दारातल्या खळ्यात बसली होती.

"धक्को होतलो गो," पाय धुता धुता तो म्हणाला. "मुंबयची माणसां बघून गेली."

"माझ्या बाळंतपणाआधी?"

त्या दिवसापासून भिकाजी खाडीतली होडी चालवणाऱ्या तांडेलाला रोज एकच विचारी, आज रात्री भरती कधी?